मी मनकवडी नाही, बाबा

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी बातमी सांगते. मी राजीनामा दिला आहे. तो मंजूरही झाला आणि या महिनाअखेरीस माझा कंपनीतला शेवटचा दिवस. घरी सगळे खुशाल आहेत, कुणाशी भांडण नाही, कंपनीने काढलेलंही नाही. शनिवार-रविवारी जे करत होते तेच आता पूर्णवेळ करणार: कंपन्यांतल्या माणसांसमोर जादूचे आणि मेंटॅलिझमचे, म्हणजे मनातलं ओळखल्याचा भास घडवणारे प्रयोग, आणि त्या प्रयोगांच्या आधाराने त्यांच्याच कामाबद्दल बोलणं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई 'जेवलीस का' वर येते आणि बाबा मुकाट्याने फोन आईच्या हातात देतात. पत्र मात्र बाबा दोनदा वाचतात.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न पैशांचा नसणार हे मला ठाऊक आहे. दिवाळीत तुम्ही माझा तो व्हिडिओ पाहिलात, ज्यात मी एका सेल्स मॅनेजरच्या मनातलं त्याच्या शाळेतल्या बाईंचं नाव सांगते. तुम्ही काही बोलला नाहीत, चष्मा काढून ठेवलात आणि अंगणात गेलात. धाकट्या काकांचं जे झालं, त्यानंतर 'मनातलं ओळखतो' म्हणणाऱ्याला आपल्या घराने उंबरठ्याच्या आत घेतलेलं नाही. तुम्ही गावोगाव हिंडून होमकुंडात तूप म्हणून ग्लिसरीन ओतायचात, खाली पोटॅशियम परमँगनेट असायचं, आणि भडका उडाला की लोकांना दोन्ही बाटल्या दाखवायचात. मी तेव्हा पिशवी धरून तुमच्या मागे असायचे. आणि आता तीच मुलगी स्टेजवरून लोकांच्या मनातलं सांगते, हे तुम्हाला किती लागलं असेल ते मला कळतं. म्हणून सविस्तर लिहिते.

21 सप्टेंबर 1995 आठवतो? गणपती दूध प्यायला लागले आणि आपल्या आळीत देवळापुढे रांग लागली. मीही वाटी घेऊन निघाले होते. तुम्ही अडवलं नाहीत. जाऊन येऊ दिलंत. परत आल्यावर स्वयंपाकघरातला वरवंटा उभा केलात, चमच्यातल्या पाण्यात लाल शाई टाकलीत आणि म्हणालात, "आता याला पाज." चमचा टेकवला तसं पाणी दगडाला धरून निघालं आणि लाल ओघळ पार फरशीपर्यंत दिसला. पृष्ठताण हा शब्द पुढे पुस्तकात भेटला. आई मात्र वरवंट्याला शाई लागली म्हणून संध्याकाळपर्यंत बोलत होती. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, पण देवळात मी जेवढी चकित झाले होते त्याहून जास्त घरी झाले. आपले डोळे उघडे होते, तरी ओघळ दिसला नव्हता! लोकांना मी ते दुसरं चकित होणं द्यायला जाते, बाबा.

माझ्या प्रत्येक प्रयोगाचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "माझ्याकडे कसलीही शक्ती नाही. जे दिसेल ते हातचलाखी, मानसशास्त्र आणि भरपूर सराव." हे वाक्य वगळा म्हणणारे आयोजक भेटतात. त्यांना वाटतं, त्याने मजा जाते. मी ते काम घेत नाही. आणि हो, प्रेक्षकांत माणसं पेरत नाही. सगळ्या युक्त्या उघडूनही दाखवत नाही, कारण त्यातल्या कितीतरी माझ्या नाहीत, ज्यांनी बसवल्या त्यांचा मान ठेवावा लागतो. पण युक्ती आहे, हे प्रत्येक वेळी सांगते.

आई विचारेल, कंपन्यांना याचं काय? एक प्रयोग सांगते. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राखाली पत्रा दाबून सुटे भाग करतात तिथे, सुरक्षा सप्ताहासाठी बोलावलं होतं. कॅन्टीनच्या टेबलावर मी पिवळं हेल्मेट ठेवलं आणि एका सुपरवायझरला पुढे बोलावलं. वीसेक वर्षं प्रेसवर काढलेला माणूस, डाव्या हाताचं एक बोट अर्धं. त्याला आणि सगळ्यांनाच सांगितलं, मी लाल आणि निळे बोल्ट या हातातून त्या हातात देते, फक्त लाल मोजा. दीडशे माणसं ओठ हलवत मोजत होती. मोजून झालं, आकडा बरोबर आला, टाळ्या पडल्या. मग मी म्हटलं, आता टेबलाकडे बघा. हेल्मेटच्या जागी नारळ होता. मी तो सगळ्यांसमोर, काहीही न झाकता, सावकाश ठेवला होता. कॅन्टीनमध्ये एवढी शांतता झाली की भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्या सुपरवायझरने आपल्या अर्ध्या बोटाकडे पाहिलं आणि पोरांना म्हणाला, "त्या दिवशी मी पण मोजतच होतो रे."

त्यानंतर मला वेगळं भाषण करावं लागलं नाही. 1999 मध्ये अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी असाच एक प्रयोग छापला होता. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितलेल्या लोकांपैकी जवळपास निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातला माणूस दिसला नाही. आम्हा जादूगारांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या पोराला 'लक्ष द्या' असा फलक लावून जे कळत नाही, ते एका नारळाने कळतं. हे काम मला नोकरीतल्या प्रशिक्षणाच्या स्लाइड्सपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि ते उरल्यासुरल्या वेळात नीट होत नाही.

दुसरा माझा लाडका प्रयोग तर तुमच्याच दारातला आहे. नंदीबैलवाला यायचा, 'पाऊस पडंल का?' विचारायचा आणि नंदी मान हलवायचा. तुम्ही मला कानात सांगायचात, बैलाकडे नको, मालकाच्या हाताकडे बघ. बर्लिनमध्ये हान्स नावाचा असाच एक घोडा होता, टापा मारून बेरजा-वजाबाक्या सांगायचा. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने छडा लावला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडाही चुकायचा. बरोबर आकड्याशी येताच विचारणाऱ्याची मान किंचित हलायची, आणि घोडा थांबायचा. मालकाची लबाडी नव्हती, आपण खूण करतोय याचा त्यालाच पत्ता नव्हता.

मी सभागृहात मोठ्या साहेबांना किल्ली लपवायला सांगते आणि मग त्यांचं मनगट धरून सभागृहभर फिरते. जागा फक्त त्यांना ठाऊक, पण त्यांचाच हात मला तिथे नेतो. चुकीच्या दिशेला हात जड होतो, बरोबर दिशेला सैल. किल्ली सापडली की मी सांगते: साहेब, मीटिंगमध्ये तुम्ही काही बोलायच्या आधी तुमच्या माणसांना तुमचं उत्तर असंच कळलेलं असतं. मग ते नंदीबैलासारखे माना डोलावतात आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांचं एकमत झालं. एका कंपनीत यानंतर साहेबांनी आपलं मत सगळ्यांत शेवटी सांगायचं असं ठरवलं. बाबा, स्टाफरूममध्ये तुम्ही हेच किती वर्षं म्हणत होतात!

पाकिटांचाही एक प्रयोग आहे. प्रत्येकाला त्याच्या नावाचं पाकीट, आत त्याचा 'स्वभाव'. लोक वाचून माना हलवतात, पाचपैकी गुण देतात. मग शेजाऱ्याशी पाकीट बदलायला सांगते. सगळ्यांत एकच मजकूर. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर यांनी आपल्या 39 विद्यार्थ्यांवर हे केलं होतं आणि सरासरी 4.26 गुण मिळाले होते. सही किंवा जन्मतारीख पाहून माणसं निवडणाऱ्यांना हे दाखवायलाच हवं.

या धंद्यातलं मला न पटणारंही सांगते. रोबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराला 1856 मध्ये त्याच्या सरकारने अल्जीरियाला पाठवलं होतं, तिथल्या लोकांवर फ्रेंच जादूचा धाक बसवायला. त्याची एक पेटी लहान मूल उचलायचं, आणि धट्टाकट्टा माणूस मात्र उचलू शकायचा नाही, कारण खाली विद्युतचुंबक होता. ही गोष्ट आमच्यात अभिमानाने सांगतात. मला ती वाचवत नाही. लोकांना दुबळं वाटावं म्हणून जादू करायची नसते. आणि आज 'मी देहबोलीवरून मन वाचतो' असं छातीठोक सांगून दोन दिवसांची शिबिरं विकणारे आहेत, तेही मला बुवाबाजीच वाटते, फक्त विज्ञानाचा सदरा घातलेली.

मागच्या एका प्रयोगानंतर अकाउंट्समधल्या एक बाई मागे थांबल्या. सगळे जेवायला गेल्यावर जवळ आल्या आणि हळूच विचारलं, "माझ्या मिस्टरांचे रिपोर्ट उद्या येणार आहेत. काय येईल?" सुरुवातीचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं, तरी विचारलं. मी त्यांना खुर्ची दिली, त्यांच्याच हाताने माझं पाकीट उघडायला लावलं आणि प्रयोगात मी ओळखलेला त्यांच्या मनातला आकडा मला कसा कळला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवलं. त्या एका माणसासाठी नियम मोडला. त्या थोडा वेळ रडल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे उद्याचं कुणालाच माहीत नाही ना?" मी म्हटलं, कुणालाच नाही. त्या रात्री मला काका आठवले. त्यांना कुणीतरी असं पाकीट उघडून दाखवायला हवं होतं.

दाभोलकर सर गेले त्या 20 ऑगस्ट 2013 ला तुम्ही दिवसभर जेवला नव्हतात. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, तेव्हा म्हणालात, कागद झाला, आता माणसांपर्यंत जायचं काम उरलं. तुम्ही देवळाच्या पारावर जायचात. मी वातानुकूलित सभागृहात जाते, कारण शिकलेली, पगारदार माणसंही तितकीच फसतात.

आता आईसाठी. 'बाईमाणसाने जादूचे खेळ करायचे?' हे मावशी म्हणेल, तू नाही. तूच लहानपणी जादूगार रघुवीरांचा प्रयोग पाहून आठवडाभर रुमालातून अंडं काढायचा प्रयत्न करत होतीस, आजी सांगायची. त्यांच्या घरात आज तिसरी पिढी हेच काम मानाने करते आहे. सुहानी शाहने तर सातव्या वर्षी स्टेजवर पाऊल ठेवलं आणि 2025 मध्ये इटलीत झालेल्या जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत किताब मिळवला. बाईने करायचं की नाही हा प्रश्नच आता उरलेला नाही गं.

पैशांचं: वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवला आहे, त्याला हात लावायचा नाही असं आमचं दोघांचं ठरलंय. घराचा हप्ता तुमच्या जावयांच्या पगारातून जातो. छोटीची फी भरलेली आहे. कामाचे अर्धे पैसे आधी घेते, पावती देते, टीडीएस कापून येतो, सगळं रीतसर. तुमच्याकडे येणारी महिन्याची रक्कम आहे तेवढीच आणि त्याच तारखेला येईल. नको म्हणायचं नाही. स्वयंपाकाच्या मावशींना बंद करायचं नाही. न्हाणीघरातला दांडा बसवायला माणूस येत्या रविवारी येतोय, त्याला चहा दे पण पैसे देऊ नकोस, ते दिलेले आहेत.

कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुमची नावं होती, ती नोकरीबरोबर जाणार. म्हणून राजीनाम्याआधीच तुमच्या दोघांची वेगळी पॉलिसी काढली आहे, कागद कुरिअरने येतील. ते देव्हाऱ्याच्या खणात नाही, कपाटात ठेवायचे. शिवाय बाबा, 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आता आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार पॅनेलवरच्या रुग्णालयांत होतात. आधार कार्ड घेऊन जा आणि ते काढूनच या. 'सरकारवर भार कशाला' हे मी ऐकणार नाही.

आणि मोतीबिंदू. तो पिकायची वाट बघायची नसते, हे डॉक्टरांनी मागच्या वेळीच सांगितलं, तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी त्यांना फोन करून तारीख घेतली आहे, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. मी येऊन राहणार आहे, डोळ्यांत थेंब मीच घालणार, तुम्ही फक्त हलायचं नाही. लहानपणी गोवर आला तेव्हा रात्रभर माझ्या उशाशी बसून पाढे म्हणत होतात. या वेळी मी म्हणेन, एकोणतीसचासुद्धा येतो अजून. आई, बीपीची गोळी उपवासालाही घ्यायची असते. माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढलीस तर मी ते स्टूल इकडे घेऊन येईन.

4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझा प्रयोग आहे. मॅनेजरसाहेबांना विचारून तुमच्या दोन खुर्च्या मी सांगून ठेवल्या आहेत. तोवर बाबांचा डोळा स्वच्छ झालेला असेल. पहिल्या रांगेत बसू नका बाबा, डावीकडे कडेला बसा, तिथून माझे हात दिसतात. कुठे काय पकडलंत ते चारचौघांत नको, घरी आल्यावर सांगा, वहीत लिहून आणलंत तरी चालेल. गाडी साडेनऊला दारात येईल. आई, गुडघ्याचा पट्टा घालून ये आणि डबा करत बसू नकोस, तिथे जेवण आहे.

तुमची लेक