उद्या या म्हणू नको

चि. बापूस,
सप्रेम जय भीम.

तुझी नोकरीची ऑर्डर बाबांनी दोनदा वाचली, दोन्ही वेळा चष्मा पुसून. 'विद्यार्थी अर्थसाहाय्य समुपदेशक.' एवढं लांब नाव गावात कोण लक्षात ठेवते? शेजारच्या काकूनं विचारलं, तुहा पोट्टा काय काम करते पुण्याले? मी म्हटलं, पोट्ट्यायच्या स्कॉलरशिपचं पाहते. तर म्हणे, म्हणजे खिडकीतला बाबू! मी हसले, पण रात्री झोप लागली नाही. खिडकीच्या अलीकडे मी किती उभी राहिले, ते तुला अर्धंच माहीत आहे.

तुझ्या पहिल्या वर्षाची दिवाळी आठवते? उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. तलाठी भेटला तर सेतू बंद, सेतू उघडं तर लिंक नाही. दाखला हाती आला तर बाबांचं नाव आधारवर देविदास आणि तुझ्या टीसीवर देवीदास. खिडकीतले साहेब म्हणाले, दुरुस्त करून आणा. अजून काय काय लागेल, विचारलं. उद्या या. असा उद्या चार वेळा आला. कापूस वेचणीचे दिवस होते, मजुरी किलोवर. मी दारव्ह्याला गेले की त्या दिवशीचं माझं वजन शून्य. एसटीत बायांना अर्धं तिकीट 2023 मध्ये झालं, तेव्हा पूर्ण लागायचं.

शेवटी तिथल्या एका शिपायानं कॅलेंडरचं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूवर सात कागद लिहून दिले. खाली लिहिलं, झेरॉक्स दोन-दोन, आणि बँकेचं खातं आधारशी जोडलं का ते आधी पाहा. दहा मिनिटं लागली त्याला. ते त्याचं काम नव्हतं.

फीचं तर सांगूच नको. पात्र पोराकडून प्रवेशाच्या वेळी फी घ्यायची नाही, असं शासनच सांगते, हे मला तू पास झाल्यावर कळलं. कॉलेज म्हणालं, भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म नाही. आम्ही सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, केली आणि पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतानाच गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. भाव त्यानं सांगितला तोच. सीसीआयचं, म्हणजे सरकारी कापूस खरेदीचं, केंद्र उघडायला अजून वेळ होता.

बाबासाहेबही 1913 मध्ये शिष्यवृत्तीवरच अमेरिकेला गेले, हे तूच मला वाचून दाखवलं होतंस. बडोद्याच्या महाराजांनी महिन्याला साडेअकरा पौंड दिले, पण परत आल्यावर दहा वर्षं नोकरी करीन असा करारही लिहून घेतला. म्हणजे कागद त्यांनाही चुकले नाहीत. म्हणून कागद मागू नको असं मी म्हणत नाही. माग, पण सगळे एकाच वेळी माग.

आता एक नवीनच त्रास सुरू झाला आहे. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीतले केंद्राचे 60 टक्के सरळ पोराच्या खात्यात येतात आणि त्यातून फी त्यानं कॉलेजात भरायची. आपल्या आळीतल्या एका पोट्ट्याचे पैसे आले ते नेमके मृग लागल्यावर. बापानं काढून बियाणं आणलं, कृषी केंद्राची जुनी उधारी फेडली. कॉलेज म्हणते, फी खाल्ली. बाप म्हणते, पोट्ट्याच्या खात्यात आले म्हणजे पोट्ट्याचे, कॉलेजचे आहेत हे मले कोनं सांगतलं? दोष बापाचाही आहे, मी त्याच्या तोंडावर बोलले. पण सांगितलं कोणीच नव्हतं, हेही खरं. पोट्टा महिनाभर कॉलेजात गेला नाही, लाजेनं. असा कोणी तुझ्यापुढे आला तर त्याला चोर समजू नको. बापाला फोन लाव, आपल्या बोलीत बोल, आणि हप्ते पाडून मिळतात का ते कॉलेजला विचार.

पुण्यात इकडची पोरं तुझ्याकडे येतीलच. वसतिगृह न मिळालेल्यांना सरकारच्या स्वाधार योजनेचे वर्षाला 60,000 आहेत, 75 टक्के हजेरीची अट आहे, ते तू सांगशीलच. पण ते पैसे उशिरा येतात आणि खोलीचं भाडं एक तारखेला द्यावं लागते. मधल्या दिवसांत पोरगं काय खाते, ते विचार. ते म्हणेल, सगळं बरोबर आहे सर. तूही फोनवर रोज जेवलो म्हणायचास. दिवाळीला आलास तेव्हा पॅन्ट सुतळीनं बांधली होती. मी पाहिली होती, बोलले नाही.

शिपायानं लिहून दिलेलं ते पान अजून आहे. प्लॅस्टिकमध्ये घालून जवसाच्या चटणीच्या डब्यासोबत पाठवते, तेलाचा डाग पडला आहे पण अक्षर दिसते. ट्रॅव्हल्स शुक्रवारी सकाळी सहाला वाघोलीला पोचते. ड्रायव्हर थांबत नाही, तू आधीच जाऊन उभा राहा.

तुझी आई