मोल्तो की मोल्ता?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तू इटालियनमध्ये लिहिलेलं पान वाचलं. क्रियापदं छान जमली आहेत. लाल खुणा झाल्या त्या बहुतेक सगळ्या 'किती' सांगणाऱ्या शब्दांवर: मोल्तो (खूप), पोको (कमी), तान्तो (इतका), त्रोप्पो (अती). जिथे शेवट बदलायला हवा तिथे तू तो तसाच ठेवलास आणि जिथे हात लावायचा नाही तिथे बदललास. इटालियन शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे शेवटचा स्वर चटकन दिसेल. सगळं गणित त्या एका स्वरात आहे.

हा शब्द नामाचं मोजमाप सांगत असेल तर तो विशेषण, आणि नामाचं लिंग-वचन घेतो. मोल्तो पाने म्हणजे खूप पाव, मोल्ता आक्वा खूप पाणी, मोल्ती लीब्री खूप पुस्तकं, मोल्ते मेले खूप सफरचंदं. (मेले म्हणजे सफरचंदं, हसू नकोस.) तोच शब्द दुसऱ्या विशेषणाला, क्रियाविशेषणाला किंवा क्रियापदाला चिकटला की क्रियाविशेषण होतो आणि मोल्तोच राहतो. मरीया ए मोल्तो स्तांका, मरीया खूप दमली आहे. ले रागात्से सोनो मोल्तो स्तांके, मुली खूप दमल्या आहेत. दमण्याचा शब्द बदलला, मोल्तो जागचा हलला नाही.

तुझी गफलत होते ती मराठी कानामुळे. आपल्याकडे बदलायचं की नाही, हे त्या त्या शब्दाच्या स्वभावावर ठरतं. 'खूप' आणि 'फार' कधीच बदलत नाहीत: खूप भात, खूप भाजी, खूप दमली. 'थोडा', 'इतका', 'बराच' मात्र सगळीकडे बदलतात: थोडी भाजी आणि थोडी दमली, इतकी साखर आणि इतकी हुशार. इटालियनमध्ये एकच शब्द जागेप्रमाणे दोन्ही तऱ्हांनी वागतो. म्हणून 'खूप'च्या सवयीने तू 'मोल्तो आक्वा' लिहितेस आणि 'इतकी'च्या सवयीने 'आन्ना ए तान्ता ब्रावा'. पहिल्यात मोल्ता हवं, दुसऱ्यात तान्तो. 'बरीच दमली'चंही तसंच: पारेक्क्यो स्तांका, पारेक्क्या नाही.

'सोनो पोका स्तांका' या तीन शब्दांच्या वाक्यात तर दोन चुका आहेत. एक, स्तांका विशेषण आहे, तेव्हा पोको हवं. दुसरी जास्त महत्त्वाची: 'पोको स्तांका' म्हणजे फारशी दमलेली नाही. तुला म्हणायचं होतं थोडी दमले आहे, आणि ते होतं 'सोनो उन पो स्तांका'. पोकोचा सूर नकाराकडे झुकतो, उन पोचा होकाराकडे. 'ओ पोको तेम्पो' म्हणालीस तर समोरचा समजेल की तुला वेळ नाही आणि निघून जाईल. 'ओ उन पो दी तेम्पो' म्हणालीस तर खुर्ची ओढून बसेल. उन पोनंतर नाम आलं की मध्ये 'दी' लागतोच, आणि स्वरापुढे त्याचा बहुधा फक्त 'द' उरतो: उन पो दाक्वा. लिहिताना पोच्या ओनंतर लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) काढायचं, कारण पोकोमधला 'को' तिथे गळला आहे. ओच्या डोक्यावर आघातचिन्ह देणं चूक आहे, निरोपांमध्ये कितीही वेळा दिसलं तरी. आणि अनेकवचनात पोकी, पोके लिहिताना सीनंतर एच घाल, नाहीतर वाचणारा पोची, पोचे असं वाचेल.

भुकेचं वाक्य सगळेच चुकतात. तू लिहिलंस 'ओ मोल्तो फामे'. इटालियन माणसाला भूक 'लागत' नाही, त्याच्यापाशी भूक 'असते'. म्हणजे फामे हे नाम झालं, शेवटी ए असलं तरी स्त्रीलिंगी. म्हणून मोल्ता फामे. तहान आणि भीतीही स्त्रीलिंगी: मोल्ता सेते, मोल्ता पाऊरा. झोप मात्र पुल्लिंगी: मोल्तो सोन्नो.

नामाचा चेहरा फसवा असेल तर आधी त्याचं लिंग-वचन तपास. जेंते म्हणजे माणसं, पण शब्द एकवचनी स्त्रीलिंगी, म्हणून मोल्ता जेंते. अंडं, उओवो, एकटं असताना पुल्लिंगी, अनेक झाली की स्त्रीलिंगी आणि शेवटी आ घेऊन येतात: मोल्ते उओवा. 'उओवा' दिसला म्हणून 'मोल्ता' लिहू नकोस. प्रोब्लेमाच्या शेवटी आ असला तरी तो पुल्लिंगी: मोल्ती प्रोब्लेमी.

बाजारात एका स्वराने काय होतं बघ. 'मोल्ते मेले बुओने' म्हणजे पुष्कळ चांगली सफरचंदं. 'मेले मोल्तो बुओने' म्हणजे फार चांगली सफरचंदं, मग ती दोनच का असेनात. फळवाल्याने 'क्वान्ते ने वुओले?' (किती हवीत?) विचारलं तर नुसतं 'पोके' म्हण. नाम उच्चारलं नाही तरी सफरचंदं मनात आहेत, तेव्हा शेवट त्यांचाच.

'पुरेसा, पुरेशी' आपल्याकडे बदलतं, अब्बास्तान्त्सा कधीच नाही. प्यू (जास्त) आणि मेनोही (कमी) नाहीत. पण प्यूच्या पुढे नाम असेल तर प्यूच्या आधीचा मोल्तो बदलतो: मोल्ता प्यू आक्वा, म्हणजे कितीतरी जास्त पाणी. विशेषण असेल तर नाही: मोल्तो प्यू बेल्ला, म्हणजे कितीतरी जास्त सुंदर.

तुत्तोपाशी मात्र मराठी कानावर खुशाल विसंब. 'मी सगळी भिजले' हे 'सोनो तुत्ता बान्याता'च होतं.

पाककृतीतल्या ज्या क्यू-बी अक्षरांचं तुला कोडं पडलं होतं, ते 'क्वान्तो बास्ता', पुरेल इतकं. आपलं चवीपुरतं मीठ. समोर कुठलाही जिन्नस असो, हा क्वान्तो तसाच राहतो. पीठ किती घ्यायचं असं विचारताना मात्र 'क्वान्ता फारीना?'

पान दुरुस्त करून पाठव. दुसऱ्या परिच्छेदातलं पावसाचं वाक्य बरोबर आहे, त्याला हात लावू नकोस.

तुझी,
आई

ता. क. 'मोल्तो बेल्लीस्सीमा' नको. बेल्लीस्सीमामध्ये 'खूप' आधीच आहे.