तुतनखामून झाला, आता सेनेबचा फोटो छापा

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला इजिप्तवरचा लेख वाचला, चांगला आहे, पण परत तेच पिरॅमिड, तोच तुतनखामूनचा सोन्याचा मुखवटा आणि वर म्हटलंय की तिथले पुतळे सगळे ताठ आणि एका साच्यातले. हे अजिबात पटलं नाही. राजांचं एकवेळ मान्य करू, पण अधिकारी, पुजारी, लेखनिक अशा लोकांचे पुतळे बघा ना!

कापेर नावाच्या पुजाऱ्याचा लाकडी पुतळा १८६० मध्ये इजिप्तमधल्या सक्कारा या जुन्या दफनभूमीत फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएतच्या मजुरांना सापडला, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. गोल चेहरा, सुटलेलं पोट, डोळ्यांत स्फटिक आणि भोवती तांब्याची कड. मजूर म्हणाले हा तर आमच्या गावचा मुखियाच, आणि 'शेख अल-बलद' हे नाव त्याला आजतागायत चिकटलंय. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला मांडी घालून बसलेला लेखनिक पण सक्काराचाच, त्याच्याही पोटाला वळ्या आहेत.

आता हे खरं की सगळेच पुतळे हुबेहूब नसायचे, बऱ्याच जणांना तरुण आणि सुडौल दाखवायची पद्धत होती, पुतळा कोणाचा ते कोरलेल्या नावावरून ठरायचं. आणि ते काही लोकांनी बघावेत म्हणून केलेले नव्हते, बरेचसे थडग्यातल्या बंद खोलीत ठेवायचे, भिंतीला एक बारीक फट, धुपाचा वास आत जावा एवढीच. मेलेल्याच्या 'का'ला म्हणजे प्राणशक्तीला राहायला जागा हवी म्हणून हा सगळा खटाटोप. कोणी बघणार नाही तरी इतकं मन लावून काम केलंय, मला तर याचंच जास्त कौतुक वाटतं.

माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे गिझाचा सेनेब. हा बुटका होता आणि राजदरबारात मोठ्या हुद्द्यावर होता. पुतळा जेमतेम फूटभर उंच, तो मांडी घालून बसलाय, शेजारी बायको त्याला प्रेमाने धरून बसलीय, आणि इतरांचे पाय जिथे खाली येतात नेमक्या त्या जागी त्याची दोन मुलं उभी केलीत, तोंडाशी बोट धरून. जोडपं शोभून दिसतं आणि त्याचं बुटकेपण कुठे लपवलेलंही नाही, केवढी हुशारी आहे ही!

कैरोच्या संग्रहालयातल्या या पुतळ्याचा मोठा रंगीत फोटो पुढच्या पुरवणीत छापा आणि या सामान्य माणसांच्या शिल्पांवर कोणा जाणकाराकडून सविस्तर लिहून घ्या, एवढीच विनंती.

– एक नियमित वाचक, मिरज