रविवारची बैठक: यावेळी प्रकार बदला

वाचक मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता, ऊन उतरल्यावर, धरमपेठेत नेहमीच्याच जागी जमायचं आहे. गेल्या काही बैठकांत कादंबऱ्यांचाच रतीब चालू आहे, तेव्हा यावेळी प्रत्येकाने एरवी हात लावत नाही असा साहित्यप्रकार वाचून, त्याचं परीक्षण लिहून यावं: नाटक, विज्ञानकथा, प्रवासवर्णन, काहीही.

परीक्षण लिहिताना मोजपट्टी त्या प्रकाराची लावा. रहस्यकथेत भाषा साधी आहे म्हणून नाक मुरडू नका. धागेदोरे आधी पेरले होते का, ते बघा (आणि खुनी कोण ते कृपया फोडू नका). नाटकाचे संवाद मोठ्याने म्हणून पाहा, जीभ अडखळते तिथे खूण करा. चरित्रात लेखक नायकाच्या चुकांपाशी थांबतो की वळसा घालतो, हे महत्त्वाचं. आपल्या नागपूरचे कवी ग्रेस यांना २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'वाऱ्याने हलते रान' या ललितलेखनासाठी मिळाला, कवितासंग्रहासाठी नव्हे. तेव्हा लेखकावर शिक्का मारण्याआधी दुसरं पुस्तकही चाळा.

परीक्षण एका पानात बसवा. कथानक चार ओळींत उरका, बाकी मत हवं. 'छान आहे, जरूर वाचा' चालणार नाही.

वाचनालयाची पुस्तकं शनिवारपर्यंत परत करा, इतर लोक वाट बघून राहिले आहेत.