लायनहार्टचं बिल कोणी भरलं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडचा बाराव्या शतकातला राजा रिचर्ड द लायनहार्ट ह्याच्यावरचा लेख वाचला, लिहिलाय झकास पण सगळा शौर्याचाच पाढा. मुस्लिम सुलतान सलादिनकडून जेरुसलेम परत घ्यायच्या ख्रिस्ती धर्मयुद्धात (क्रुसेड) ११९१ च्या जुलैत पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरचं एकर शहर पडलं, आतली फौज शरण आली आणि सलादिनकडून ठरलेले पैसे नि कैद्यांची अदलाबदल लांबतीये म्हटल्यावर ह्या शूर राजाने २० ऑगस्टला सुमारे २७०० कैदी दोरांनी बांधून शहराबाहेर आणले आणि सलादिनच्या सैन्याच्या डोळ्यांदेखत कापून काढले, ह्याबद्दल लेखात एक ओळ नाही! सलादिन पण काही संत नव्हता म्हणा, त्याआधी हत्तीनच्या लढाईनंतर त्याने पकडलेल्या टेम्पलर नाइट्सची (ख्रिस्ती लढवय्या साधूंची) मुंडकी उडवलीच की.

आणि पैशाचं काय? दहा वर्षांच्या कारकिर्दीत हा राजा इंग्लंडमध्ये जेमतेम सहा महिने राहिला असेल. धर्मयुद्धावरून परत येताना ऑस्ट्रियाच्या ड्यूकने पकडला, पुढे जर्मन सम्राटाने सोडायचे चांदीचे दीड लाख मार्क मागितले, मग लोकांच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर चौथाईचा कर, चर्चमधली सोन्याचांदीची भांडी जप्त, मठांच्या मेंढ्यांची लोकर सुद्धा सोडली नाही. एवढं करून जेरुसलेम राहिलं सलादिनकडेच, ११९२ च्या तहात फक्त निःशस्त्र ख्रिस्ती यात्रेकरूंना दर्शनाची मुभा मिळाली. लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर हा हिशोब पण छापा.

– एक नियमित वाचक, पुणे