जाळरेषा जानेवारीतच जळायला हव्यात

संपादक महोदय,

उन्हाळा जवळ आला, की विदर्भातल्या जंगलात धूर दिसतो आणि ‘वनखात्यानेच वणवा लावला’ अशी ओरड सुरू होते. धूर जाळरेषेचा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून मोकळ्या केलेल्या रुंद पट्टीचा असेल, तर तो वणवा अडवण्यासाठीच असतो. काळजी करायची तर हे काम उशिरा होते याची करावी. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. रेषा त्याआधी काळी झालेली हवी. मजुरीचा पैसा लांबला की जाळकाम मार्चच्या वाऱ्यात जाते, आणि मग काडी ओढणेच धोक्याचे.

गवत नुसते कापून भागत नाही, कापलेले गवतही जळणच. आधी रेषेच्या दोन्ही कडांना दीड-दोन मीटरचे पट्टे मातीपर्यंत खरवडायचे, मधले गवत कापून वाळू द्यायचे. संध्याकाळी वारा मंदावला, की वारा ज्या बाजूला वाहतो त्या कडेने पेटवायचे. जाळ वाऱ्याच्या विरुद्ध सरकतो. हळू, बुटका, हिरव्या डहाळीने झोडपता येईल असा. तेवढी कड काळी झाली की मगच समोरची पेटवायची. घाईत आधी समोरूनच पेटवले, तर तोच जाळ वाऱ्यासोबत धावतो आणि पट्टा ओलांडतो. गवताचा मोठा तुकडा जाळताना चारही बाजूंनी वेढा तर कधीच नको. ससा, घोरपड यांना निघायला एक बाजू मोकळी राहिली पाहिजे.

सगळ्यात जास्त चूक होते ती जाळ विझल्यावर. माणसे घरी जातात, आणि एखादे पोकळ वठलेले खोड रात्रभर आतून धुमसत राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला, की त्यातली ठिणगी रेषेपलीकडच्या पाचोळ्यात. म्हणून खोडाभोवती आधीच साफ करावे. नंतर राखेजवळ हाताची मागची बाजू धरून बघावी. ऊब लागली तर पाणी ओतून, उकरून, पुन्हा ओतावे. रात्रीची राखण मजुरीत धरलेलीच हवी.

शिवाय साग मार्चपर्यंत पाने टाकतो. जानेवारीत जाळलेली रेषा तोवर पुन्हा झाकते, म्हणून मोहाची फुले वेचण्याच्या आधी ब्लोअर किंवा खराट्याने ती एकदा झाडलीच पाहिजे. फुले दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवतात, तोही पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करता येतो. त्यासाठी गावागावांत खराटे आणि फुले झेलायच्या जाळ्या वेळेवर द्याव्यात, फेब्रुवारी संपायच्या आत.

– एक वाचक, चंद्रपूर