बायबल उशाखाली ठेवण्यासाठी नाही

महोदय,

अमावास्येला पुण्यातल्या चौकाचौकांत लिंबू-मिरचीच्या माळा विकायला येतात. त्या बांधणाऱ्यांना नावे ठेवण्याआधी आपण ख्रिस्ती माणसांनी स्वतःच्या घरात पाहावे. बाळाच्या उशाखाली छोटा नवा करार (बायबलचा दुसरा भाग), स्कूटरच्या डिकीत क्रूस, ‘अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट घडेल’ म्हणून फिरणारे व्हॉट्सॲपवरचे वचन, ही सगळी त्या माळेचीच भावंडे.

शकुन पाहणे, मंत्रतंत्र, मृतांना कौल लावणे हे बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (१८:१०-१२) सरळ निषिद्ध आहे, त्यावर चर्चच्या मंडळीत दुमत नाही. पण बायबल तेवढ्यावर थांबत नाही. स्वतःच्या पवित्र वस्तूंचा ताईत झाला तर ते त्यांनाही सोडत नाही. १ शमुवेल ४ पाहा. शत्रू पलिष्ट्यांपुढे सुमारे ४,००० माणसे पडली, तेव्हा इस्राएलांनी शिलोहून कराराचा कोश, म्हणजे त्यांची सर्वांत पवित्र पेटी, रणांगणात आणवला. पश्चात्ताप नाही, देवाला विचारणे नाही. कोश आला की जिंकलो, एवढाच हिशेब. मग ३०,००० पडले आणि कोशही शत्रूने नेला. पूर्वी मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केलेल्या पितळी सापाला पुढे लोक धूप जाळू लागले, तर हिज्कीया राजाने तो फोडून टाकला (२ राजे १८:४). एवढा जुना, मानाचा ठेवा, तरी गय केली नाही.

लग्न, नोकरी, फ्लॅट ठरवताना डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचे उत्तर मानायचे, ही सवय तर फार घातक. जाड पुस्तक मधोमध उघडले की स्तोत्रसंहितेच्या आसपासचे पान येते, आणि रोज वाचून जिथली शिवण सैल झाली तिथे ते हमखास उघडते. म्हणजे कौल देते ती पुस्तकाची बांधणी! बोट ईयोबाच्या पुस्तकावर पडले तर आणखी पंचाईत. त्यातली पानेच्या पाने दुःखात पडलेल्या ईयोबाच्या मित्रांच्या भाषणांची आहेत. तू भोगतोस म्हणजे पाप केले असशील, हा त्यांचा सूर. शेवटी ४२:७ मध्ये देवच सांगतो की हे माझ्याविषयी नीट बोलले नाहीत. सुटे वचन उचलणाऱ्याच्या हाती देवाने खोडलेले मतच देवाचा निरोप म्हणून येते. कोण बोलतोय, कोणाला, आणि पुढे काय झाले, एवढे तरी पाहायला हवे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणले ते साध्या माणसाला वाचून कळावे म्हणून.

आजारपणात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून, तेल लावून प्रार्थना करा, असे याकोबाचे पत्र (५:१४) सांगते. औषध बंद करा, असे त्यात एक अक्षर नाही. त्याच हिज्कीया राजाच्या गळवावर यशया संदेष्ट्याने अंजिरांचा लेप लावायला सांगितला होता आणि प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्र-गंडेदोरे देणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा सर्वधर्मीयांना सारखाच लागू आहे.

जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू म्हणाला, दोघांचेही नाही. दिव्यांग मुलाच्या आईला ‘घराण्याचा शाप’ सांगून शापमुक्तीच्या प्रार्थनेचे पैसे घेणाऱ्यांनी योहान ९:३ तिच्यासमोर मोठ्याने वाचावे, आणि घेतलेले पैसे तिला परत करावेत.

– एक वाचक, पुणे कॅम्प